सावली एकच, शब्द दोन : वाचकांचे प्रश्न, बाईंची उत्तरं

या वेळी पत्रं, मेल आणि व्हॉट्सअ‍ॅप मिळून नुसता ढीग झालाय. चूक माझीच म्हणा. मागच्या अंकात मी सहज लिहून गेले की ज्या दोन-तीन इंग्रजी शब्दांना मराठीत आपण एकच शब्द वापरतो आणि मग कुठला कुठे घालायचा ते कळत नाही, असे शब्द पाठवा. सगळ्यांना उत्तरं देणं शक्य नाही, जे वाचताना मला स्वतःला मजा आली ते घेतलेत. ज्यांचे राहिले त्यांनी रागवू नका, पुढच्या वेळी बघू.

प्रश्न : बाई, मी मूळ बार्शीचा, सध्या पुण्यात आयटीत सपोर्टला आहे. रात्री क्लायंटचा मेल आला की रिपोर्ट उघडत नाहीयेत. मला वाटलं सर्व्हर पडला असणार, म्हणून लिहिलं, 'आय डाउट द सर्व्हर इज डाउन'. तिकडून 'ओके, थँक्स' आलं आणि ते लोक दोन तास भलतीकडेच शोधत बसले. शेवटी सर्व्हरच पडला होता. सकाळी मॅनेजरने झापलं. माझं नक्की चुकलं काय?

उत्तर : अरे, अंदाज तुझा बरोबर होता, शब्द उलटा पडला. तू लिहिलंस त्याचा त्यांनी अर्थ घेतला, 'सर्व्हर पडला असेल असं मला नाही वाटत'. तुला म्हणायचं होतं 'आय सस्पेक्ट द सर्व्हर इज डाउन'. डाउट म्हणजे 'नसावं' आणि सस्पेक्ट म्हणजे 'असावं', दोन टोकं आहेत ती, पण मराठीत दोन्हीला आपण 'शंका' म्हणून मोकळे होतो.

आता गंमत बघ. मराठीतसुद्धा हा फरक आहे, फक्त तो 'शंका' या शब्दात नाही, त्याच्या शेजारी बसलेल्या बारक्या शब्दात आहे. 'मला शंका आहे की त्यानेच पैसे घेतले', म्हणजे घेतले असावेत. 'तो पैसे परत देईल का याची मला शंका आहे', म्हणजे देणार नाही बहुतेक. पहिल्यात 'की' आहे, दुसऱ्यात 'का'. तर मनात मराठी वाक्य जुळवताना 'शंका आहे की' आलं तर सस्पेक्ट लिही, '...का याची शंका' आलं तर डाउट. मी वर्गात हे इतकी वर्षं सांगितलंय आणि फार कमी वेळा फसलंय.

डाउटच्या मुळाशी लॅटिनमधला 'दोन' आहे, आपल्या द्विधा मनासारखं. हे की ते, ठरत नाही. त्यातलं न बोललं जाणारं बी हे अक्षरही नंतर पंडितांनी लॅटिनशी नातं दाखवायला घुसडलं, आधी लोक बी शिवाय सुखाने लिहीत होते. आणि सस्पेक्टच्या मुळाशी आहे 'खालून बघणं', म्हणजे मान खाली आणि नजर हळूच वर, आपली आजी नव्या पाहुण्याकडे बघायची तशी. संशयाने बघणाऱ्याचं मन कधीच ठरलेलं असतं.

एक दिलासा देते. स्कॉटलंडमध्ये अजूनही 'आय डाउट इट विल रेन' म्हणजे 'पाऊस येणार बहुतेक' असा अर्थ होतो, जुना अर्थ तिकडे टिकून राहिलाय. तुझा क्लायंट स्कॉटिश असता तर वाचला असतास. आणि जाता जाता, मीटिंगमध्ये हात वर करून 'आय हॅव अ डाउट' म्हणतोस ना? ते आपल्याकडे चालतं, बाहेरच्या माणसाला वाटतं हा माझ्या म्हणण्यावरच अविश्वास दाखवतोय. तिथे सरळ 'क्वेश्चन' म्हण.

प्रश्न : माझा मुलगा पाचवीत आहे, आम्ही नाशिकला असतो. 'गाय झाडाच्या सावलीत बसली' याचं त्याने 'द काऊ सॅट इन द शॅडो ऑफ द ट्री' केलं, शाळेत अर्धा मार्क कापला, 'शेड' पाहिजे म्हणे. सावली ती सावलीच ना?

उत्तर : अर्धा मार्क कापणं मला जरा कडक वाटलं, कारण शॅडो अगदीच चूक नाही. पण शाळेचं म्हणणं खरं आहे की इंग्रज माणूस तिथे शेडच म्हणेल. त्याला एवढंच सांगा, बसायची सावली ती शेड, पडायची सावली ती शॅडो. शेड म्हणजे ऊन लागत नाही अशी जागा, तिला आकार नसला तरी चालतं. शॅडोला आकार असतो आणि मालक असतो, माझी शॅडो, खांबाची शॅडो, भिंतीवर हाताने केलेल्या कुत्र्याची शॅडो. कोकणातल्या पिंगुळी गावचे ठाकर समाजाचे कलाकार पडद्यामागून चामड्याच्या बाहुल्या नाचवतात ते शॅडो पपेट, तिथे शेड म्हणून चालणारच नाही.

आणखी पक्कं करायचं असेल तर मे महिना येऊ द्या. आपल्याकडे शून्य सावली दिवस असतो, पुण्यात साधारण 13-14 मेला, नाशिकला त्यानंतर थोड्या दिवसांनी. त्या दिवशी भर दुपारी सूर्य बरोब्बर डोक्यावर येतो आणि अंगणात रोवलेल्या काठीची सावली काठीच्या बुडाशी गडप होते. त्याला झिरो शॅडो डे म्हणतात. मुलाला त्याच वेळी शेजारच्या आंब्याखाली उभं करा आणि विचारा, इथे सावली आहे का? आहे की, मस्त गार आहे! तर काठीची शॅडो गेली, आंब्याची शेड राहिली. पुन्हा चुकला तर मला कळवा.

मुळात हे दोन्ही शब्द एकाच जुन्या इंग्रजी शब्दाची दोन रूपं आहेत. आपल्याकडे 'घोडा' आणि 'घोड्याला' यातलं 'घोड्या' होतं ना, तसं विभक्तीमुळे त्या शब्दाचं रूप बदलायचं. पुढे एका रूपातून शेड झालं, दुसऱ्यातून शॅडो, आणि दोघांनी वाटण्या करून वेगळी चूल मांडली. आपल्या पत्र्याच्या शेडचा उच्चार जरा वेगळा आणि स्पेलिंगही वेगळं, एस एच ई डी, पण तोही याच घरातून निघालेला असं मानतात. म्हणजे गोठ्याची शेड, लिपस्टिकची शेड आणि झाडाची शेड देवनागरीत सारख्याच दिसतात, आणि दुकानदार तिन्ही विकतो. बरं, तिसरी नाही विकत.

एक धोक्याची जागा मात्र आहे, ती मोठ्यांसाठी. मराठीत 'वडिलांच्या सावलीत वाढला' हे चांगलं आहे, छत्र होतं डोक्यावर. इंग्रजीत 'इन हिज फादर्स शॅडो' म्हणजे बापाच्या नावापुढे बिचारा झाकोळून गेला. आमच्याकडे एका निरोप समारंभात एका मुलाने हेडमास्तरांना उद्देशून अगदी गहिवरून म्हटलं होतं की आम्ही सगळे तुमच्या शॅडोमध्ये वाढलो. हेडमास्तर खूश, आम्ही इंग्रजीच्या दोघी छताकडे बघत बसलेलो.

प्रश्न : मी नगर जिल्ह्यात एका छोट्या पेपरसाठी बातम्या पाठवतो, आता त्यांनी इंग्रजी पोर्टल सुरू केलंय. चोरीच्या बातमीत थेफ्ट, रॉबरी, बर्गलरी, डकॉइटी यातलं काहीही टाकतो. परवा 'देअर मोबाइल वॉज रॉब्ड' लिहिलं तर डेस्कने हसून पुढे पाठवलं. एकदा नीट सांगा.

उत्तर : हसण्यासारखं आहे खरं, पण तुमचा दोष कमी आणि मराठीचा जास्त. आपण 'मोबाइल लुटला' पण म्हणतो आणि 'मला लुटलं' पण म्हणतो. इंग्रजीत स्टील केलं जातं वस्तूला आणि रॉब केलं जातं माणसाला किंवा जागेला. मोबाइल स्टोलन, तुम्ही रॉब्ड. बँक रॉब केली, पैसे स्टील केले. मोबाइल रॉब्ड म्हटलं की वाटतं कुणीतरी त्या मोबाइललाच चाकू दाखवून खिसे रिकामे करायला लावले.

बाकीच्या शब्दांसाठी तुम्हाला शब्दकोश नको, पोलीस स्टेशनच पुरे, कारण तुमच्या ठाणे अंमलदाराला हा फरक माझ्यापेक्षा चांगला माहितीये. तो एफआयआरला 'चोरी', 'जबरी चोरी', 'घरफोडी' आणि 'दरोडा' असे चार वेगळे शब्द लिहितो, उगीच नाही लिहीत. चोरी म्हणजे थेफ्ट, गुपचूप उचललं, कुणाला कळलंही नाही. जबरी चोरी म्हणजे रॉबरी, मारलं किंवा धाक दाखवला आणि घेतलं. घरफोडी म्हणजे बर्गलरी किंवा हाउसब्रेकिंग, कुलूप तोडून आत शिरले, घरात माणूस असो वा नसो. आणि दरोडा म्हणजे डकॉइटी, हीच जबरी चोरी पण पाच किंवा जास्त जणांनी मिळून केलेली. चौघे असतील तर रॉबरी, पाचवा येऊन मिळाला की डकॉइटी, कायदा इतका सरळ मोजतो. त्यामुळे दोन पोरांनी पिस्तूल दाखवून पतसंस्था लुटली की आपले पेपर 'पतसंस्थेवर दरोडा' असा मथळा देतात ना, ते मथळ्याला शोभतं, कायद्याला नाही. इंग्रजीत ते रॉबरीच.

जुन्या भादंविमध्ये, म्हणजे भारतीय दंडविधानात, चोरीला कलम 379, जबरी चोरीला 392 आणि दरोड्याला 395 लागायचं, हे तुम्हाला पाठच असेल. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात चोरी 303, जबरी चोरी 309, दरोडा 310. मधे 304 ला स्नॅचिंग वेगळं काढलंय, म्हणजे बाइकवरून येऊन मंगळसूत्र हिसकावणं, तेव्हा तिथे थेफ्ट लिहायचं की रॉबरी हा तुमचा जुना घोळ थोडा तरी मिटेल, सरळ चेन स्नॅचिंग लिहा.

आणि डकॉइटी लिहिताना लाजू नका, तो आपल्याकडून तिकडे गेलेला शब्द आहे. लंडनच्या पोलिसाला पाच जणांचं हे गणित कळायचं नाही, त्याच्याकडे पन्नास जण आले तरी रॉबरीच. लूट आणि ठग हेसुद्धा इंग्रजीने आपल्याकडूनच घेतले. आता कसे घेतले, त्याला वरच्या चारांपैकी कुठला शब्द लावायचा, ते तुम्ही ठरवा.

प्रश्न : मी साताऱ्याची, वय 71. मुलगा न्यूजर्सीला असतो. नातीला वांग्याचं भरीत, भाजणीचं थालीपीठ असं सगळं करायला शिकायचंय, ती म्हणते आजी मला इंग्लिशमध्ये टाइप करून पाठव. मी प्रत्येक ठिकाणी 'बेक' लिहिलं. ती म्हणाली शेंगदाणे बेक? हसली. 'भाजणे' ला काय लिहू?

उत्तर : आजी, तुमचं पत्र वाचून मी आधी वांगी आणली. 'भाजणे' हा आपला फार मोठा शब्द आहे, इंग्रजीला त्यासाठी चार-पाच लागतात, तेव्हा हसायचं तर आपण हसायला पाहिजे.

कढईत तेल न घालता हलवत राहायचं, शेंगदाणे, रवा, भाजणीची धान्यं, त्याला ड्राय रोस्ट लिहा. ओव्हनमध्ये ठेवलं तर दोन शब्द येतात. जे आत जाताना पातळ किंवा मऊ असतं आणि बाहेर येताना घट्ट होऊन येतं ते बेक, केक, पाव, बिस्किटं, नानकटाई. जे आत जातानाच घट्ट आहे, कोंबडी, गाजर, रताळं, ते रोस्ट. ओव्हन तोच, उष्णता तीच, नाव वेगळं. (बटाटा मात्र अख्खा ठेवला तर बेक्ड पोटॅटो होतो, असं का ते विचारू नका, बटाट्याला सगळीकडेच लाडावून ठेवलंय.) पावाचा तुकडा भाजला तर टोस्ट. भाकरीला बेक, रोस्ट काही लिहू नका, कुक ऑन अ हॉट ग्रिडल लिहा, ग्रिडल म्हणजे आपला तवा. थालीपिठालाही तेच, फक्त कडेने तेल सोडायचं तेवढं लिहा आणि मधे भोक पाडायला सांगा.

आता भरीत. गॅसच्या ज्योतीवर वांगं धरायचं त्याला रोस्ट ओव्हर अ फ्लेम. पण नातीकडे इलेक्ट्रिक शेगडी असेल तर ज्योत कुठून आणायची? तिच्या ओव्हनवर 'ब्रॉइल' असं एक बटण असेल. अमेरिकेत वरून कडक आच देणं म्हणजे ब्रॉइल, खालून देणं म्हणजे ग्रिल. इंग्लंडमध्ये वरून देण्यालाच ग्रिल म्हणतात, म्हणून इंग्लंडच्या रेसिपीत ग्रिल आलं तर अमेरिकेत ब्रॉइल करायचं. तिला लिहा, वांग्याला काट्याने चार भोकं पाड, नाहीतर फुटेल आत, तेलाचा हात लाव, ब्रॉइल कर, फिरवत राहा, साल काळी पडून सुरकुतली की काढ. वांग्याला मात्र एगप्लांट लिहा, ब्रिंजल तिकडे चालत नाही. ब्रिंजल आपल्या इकडचं, पोर्तुगिजांकडून आलेलं, आणि इंग्लंडात म्हणतात ओबर्जीन. एका वांग्याला तीन देशांत तीन नावं, आणि भरीत कुणालाच जमत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत पण पुढचं अडणारच म्हणून सांगते. उकळणे आणि उकडणे दोन्हीला ते 'बॉइल' म्हणतात. चहा उकळला, बटाटे उकडले, आपल्या कानाला केवढा फरक, पातळ पदार्थ उकळतो आणि घट्ट पदार्थ उकडतो. त्यांना तो फरक करताच येत नाही. मोदकांना मात्र बॉइल्ड लिहू नका हां, ती पोरगी खरंच पाण्यात सोडेल, स्टीम्ड लिहा. दूध 'तापव' म्हणायचं असेल तर हीट, आणि उतू गेलं तर बॉइल्ड ओव्हर. परतणे आणि तळणे दोन्हीला फ्राय म्हणतात म्हणून तळणीच्या कढईतलं असेल तर डीप फ्राय लिहा, कांदा परतायचा असेल तर सॉटे, तो फ्रेंच शब्द आहे, मूळ अर्थ उडी मारणे, कढईत कांदा उड्या मारतो म्हणून. आणि फोनवर 'इकडे फार उकडतंय' हे सांगताना बॉइल बिइल काही नाही, 'व्हेरी ह्युमिड' म्हणायचं.

प्रश्न : डोंबिवलीहून लिहितोय. ऑफिसात रोज उशीर होतो तेव्हा 'माय जर्नी वॉज लाँग' लिहितो. एक सहकारी म्हणाली काय हिमालयात गेला होतास का. प्रवास म्हणजे जर्नीच ना? ट्रॅव्हल, ट्रिप, व्हॉयेज हे काय मग?

उत्तर : डोंबिवली ते सीएसएमटी फास्ट लोकलला लटकून जाणं हे हिमालयापेक्षा कमी नाही हे मला मान्य आहे. पण रोजच्या त्याच त्या ये-जा करण्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे, कम्यूट. आणि या शब्दाचा इतिहास तुमच्या खिशातच आहे. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेतल्या रेल्वे कंपन्यांनी रोज जाणाऱ्यांसाठी सवलतीचं तिकीट काढलं, रोज रोज भाडं देण्याऐवजी एकदाच ठोक आणि कमी रक्कम. या बदलून कमी केलेल्या भाड्यामुळे त्याला कम्यूटेशन तिकीट म्हणायला लागले. म्हणजे कम्यूटर या शब्दाचा मूळ अर्थ चक्क पासवाला. 'माय कम्यूट वॉज लाँग' लिहा, कुणी काही म्हणणार नाही. उशीर मात्र तुमचा तुम्ही निस्तरा.

जर्नी हा एका जागेहून दुसऱ्या जागेपर्यंतचा प्रवास, लांबचा असेल तर जास्त शोभतो. फ्रेंचमधल्या 'दिवस' या शब्दावरून आला, एका दिवसात जेवढं चालून होतं तेवढं. आपल्याकडे 'मजल दरमजल करत' म्हणतो त्यातली मजल अगदी तीच, एका दिवसाची चाल, एक टप्पा. (बिल्डिंगचा मजला पण त्याच घरातला. दोन्हीकडे दमायला होतं.) ट्रिप म्हणजे जाऊन परत येणं, कामाचं असो की मजेचं. व्हॉयेज समुद्रातून किंवा अवकाशातून, एसटीतून नाही. आणि ट्रॅव्हल हे एकंदर फिरणं, त्याला 'अ ट्रॅव्हल' असं एक-दोन करून मोजत नाहीत, 'आय हॅड अ गुड ट्रॅव्हल' हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं ते चूक, तिथे ट्रिप किंवा जर्नी. ट्रॅव्हल हा शब्द मूळ 'कष्ट' या अर्थाचा. जुन्या काळी घराबाहेर पडणं म्हणजे हाल, त्यावरून आला. आपला प्रवास शब्द बघा, त्याचा मूळ अर्थ घर सोडून दुसरीकडे राहणं. इंग्रजाला बाहेर पडल्यावर पाय दुखलेले आठवले आणि आपल्याला घर.

प्रश्न : मी म्हापशाला कॉलेजात आहे. मूळ प्रश्नच विचारते, एका गोष्टीला इतके शब्द इंग्रजीला लागतात कशाला? आस्क, क्वेश्चन, इंटरॉगेट, सगळ्याचा अर्थ विचारणे.

उत्तर : तीन वेळा पाहुणे आले आणि कुणीच परत गेलं नाही म्हणून. आस्क हा इंग्रजांचा घरचा, जुना. 1066 साली फ्रान्समधल्या नॉर्मंडीहून विल्यम आला, इंग्लंडचा राजा झाला आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दरबारात, कोर्टात फ्रेंच चालली, तिच्यातून क्वेश्चन आला. मग विद्वान मंडळींनी लॅटिन पोथ्यांतून थेट इंटरॉगेट उचलला. जुना शब्द घरगुती, फ्रेंच जरा मानाचा, लॅटिन एकदम सरकारी. आईने 'कुठे गेली होतीस' विचारलं तर ती आस्क करते, दाराआड उभं करून तासभर विचारलं तर क्वेश्चन, आणि पोलिसांनी विचारलं की इंटरॉगेट. आमची आई तिन्ही एकटीच करायची.

आपल्याकडे हेच झालंय बघ. भुई, भूमी आणि जमीन. भुई हा झिजत झिजत आलेला घरचा शब्द, भूमी संस्कृतातून जसाच्या तसा उचललेला, जमीन फारसीतून आली. अर्थ तिन्हींचा तोच ना? पण 'मातृजमीन' म्हणून बघ, किंवा 'दोन एकर भूमी विकली' म्हण तलाठ्याला, किंवा 'जमिनीला भार'. कसंतरीच वाटतं ना कानाला? तुला हे कुणी शिकवलं नव्हतं, शब्दाच्या शेजारी कोण कोण बसतं ते ऐकून ऐकून कानात बसलं. इंग्रजीतही तेच करायचं असतं. आपण मात्र 'आस्क म्हणजे विचारणे, इंटरॉगेट म्हणजे विचारणे' अशा जोड्या पाठ करत बसतो, आणि त्यात नेमका फरकच गळून जातो. नवा शब्द दिसला की त्याचं अख्खं वाक्य वहीत उतरवून घे, नुसता अर्थ नको.

प्रश्न : मी बँकेतून रिटायर झालो, ठाण्याला असतो. हल्ली सगळे 'लेस पीपल' म्हणतात. 'फ्युअर' पाहिजे ना? जावयाशी वाद झाला.

उत्तर : जावयाशी या कारणावरून वाद? असो. नियम तुमचा बरोबर, मोजता येतं ते फ्युअर, मोजता येत नाही ते लेस, फ्युअर खुर्च्या आणि लेस साखर. पण हा नियम काही आकाशातून पडलेला नाही, 1770 साली रॉबर्ट बेकर नावाच्या एका गृहस्थांनी 'मला फ्युअर बरं वाटतं' अशा सुरात लिहिलं, आणि पुढच्यांनी त्याचा कायदा केला. त्याआधी शेकडो वर्षं लोक लेस दोन्हीकडे वापरत होते. इंग्लंडच्या टेस्को दुकानात 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी होती, त्यावर इतकी कुरकुर झाली की 2008 मध्ये त्यांनी ती बदलून 'अप टू टेन आयटम्स' केली, म्हणजे दोन्ही शब्द टाळून पळ काढला. परीक्षेत आणि ऑफिसच्या कागदात फ्युअर लिहावं, जेवताना जावयाला सोडून द्यावं. आपण दोन्हीकडे 'कमी' म्हणतो आणि आजवर कुणाचं काही अडलेलं नाही.

प्रश्न : माझा नातू तिसरीत. 'हाऊ मेनी फिंगर्स डू यू हॅव' याला त्याने 20 लिहिलं, चूक दिलं. तो दोन दिवस बोटं मोजतोय, वीसच येतात. मी काय सांगू त्याला? एक आजोबा, परभणी.

उत्तर : आजोबा, त्याला सांगा तुझी मोजणी एकदम बरोबर आहे, मराठीत वीसच बोटं. पण इंग्रजीत पायाच्या बोटांना फिंगर म्हणत नाहीत, ती टो. पायाचा अंगठा तो बिग टो, करंगळी ती लिटल टो. म्हणजे फिंगर उरल्या दहा. आता तो हुशार असेल तर विचारेल की अंगठ्याला तर थंब म्हणतात, मग आठ का नाही? याचं उत्तर इंग्रजांकडेही पक्कं नाही. त्यांच्या शब्दकोशांतही कधी थंब धरून फिंगर दहा होतात, कधी वगळून आठ. म्हणून शाळेत त्याने दहा लिहावं, आणि कुणी पोराने आठ लिहिलं तर त्यालाही मार्क द्यावा, हे माझं मत शाळेपर्यंत पोचवायची जबाबदारी तुमची.